इअरफोन महाग नको, मापाचा हवा

चप्पल घेताना आपण ती पायात घालून चार पावले चालून पाहतो. शर्ट शिवताना शिंपी खांद्याचे माप घेतो. चष्मा तर डोळे तपासल्यावाचून कोणी घेतच नाही. कानात घालायचा इअरफोन घेताना मात्र आपण रंग पाहतो, किंमत विचारतो, ‘बेस’ कसा आहे ते विचारतो, आणि खोक्यातून जसा बाहेर येईल तसा कानात खुपसतो. त्याच खोक्यात प्लॅस्टिकची एक लहानशी पुडी असते. तिच्यात वेगवेगळ्या मापांच्या मऊ टोप्यांच्या जोड्या असतात. दुकानात त्यांना नुसते ‘रबर’ म्हणतात. बहुधा त्या सिलिकोनच्या असतात. ही पुडी खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. माझे मत असे आहे की, त्या खोक्यातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ती पुडी होय. आवाज चांगला येणे तिच्यावर अवलंबून आहेच. पण वयाच्या चाळिशीत तुम्हाला नीट ऐकू येणार की नाही, हेही काही अंशी तिच्यावर अवलंबून आहे.

सेलूसारख्या तालुक्याच्या गावातही आता शे-दोनशे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंतचे इअरफोन मिळतात. महागाचा आवाज चांगला, स्वस्ताचा वाईट, असा आपला सरळ हिशेब असतो. तो पूर्ण खोटा नाही. पण कानात सैल बसलेला महागडा इअरफोन हा नीट बसलेल्या स्वस्त इअरफोनपेक्षा वाईट वाजतो, हे कोणीही पडताळून पाहू शकतो. असे का होते, हे समजायला सायकलचा पंप पुरेसा आहे.

पंपाच्या नळीचे तोंड बोटाने घट्ट दाबून दांडा खाली ढकला. हवा आत कोंडली जाते, दाब वाढतो, दांडा हाताला विरोध करतो. आता बोट किंचित सैल करा आणि दांडा अगदी सावकाश खाली न्या. हवा फटीतून निसटून जाते, दाब वाढतच नाही. आता बोट तसेच ठेवून दांडा झटक्याने हाणा. हवेला निसटायला वेळ मिळत नाही, आणि फट असूनही काही दाब जाणवतोच.

इअरफोनमध्ये नेमके हेच घडते. त्यात नखाएवढा एक पडदा मागेपुढे हलत असतो. त्याच्यापुढे, रबरी टोपीपासून कानाच्या पडद्यापर्यंत, जेमतेम एखादा घनसेंटिमीटर हवा असते. टोपी घट्ट बसली असेल, तर त्या चिमूटभर हवेवर इअरफोनचा पडदा चांगला दाब देऊ शकतो. पण टोपीच्या कडेला फट राहिली, तर सावकाश होणारी कंपने वाया जातात आणि जलद होणारी तेवढी पोहोचतात. सावकाश कंपने म्हणजे खर्जाचे, ढोल्या आवाजाचे स्वर. डग्ग्याचा घुमारा, ढोलाचा दणका, पखवाजाची थाप ही सारी सेकंदाला शंभर-दीडशे कंपनांच्या आसपासची मंडळी. तीच फटीतून पळून जातात. मागे उरतो तो पत्र्याच्या डब्यासारखा किरकिरा आवाज. मग आपण म्हणतो, ‘याला बेसच नाही!’ बेस होता. तो कानाच्या बाहेर सांडला.

येथपर्यंत नुकसान फक्त गाण्याचे झाले. खरे संकट पुढेच आहे. खर्ज कमी पडला की आपला हात आपोआप आवाज वाढवायच्या बटणाकडे जातो. शिवाय माणसाच्या कानाचा एक जुना स्वभाव आहे: हळू आवाजात त्याला खर्ज फारच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ साली याची मोजमापे प्रसिद्ध केली होती. म्हणून आवाज वाढवला की क्षणभर बरे वाटते. पण बटण दाबल्यावर केवळ खर्ज वाढत नाही. फटीतून न निसटलेले वरचे स्वरही तेवढेच वाढतात. त्यांची गरजच नव्हती. कानाचा मार बसतो तो त्यांचा.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव आहे, हे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. त्यात प्रत्येक कानामागे साधारण १५-१६ हजार केशपेशी असतात. ध्वनीची हालचाल त्यांच्यामुळे मज्जातंतूंच्या संदेशात बदलते. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नख वाढते, हाड सांधते, दुधाचा दात पडला तर दुसरा येतो. केशपेशीच्या बाबतीत निसर्गाने अशी सोय ठेवलेली नाही. बरे, त्या मरताना दुखतही नाही. म्हणूनच वरचे स्वर आधी आणि हळूहळू जातात, आणि ‘सात’ म्हटले की ‘आठ’, हे वर्गात शेवटच्या बाकावरून नीट उमगेनासे होते तेव्हा कोठे पत्ता लागतो.

आता कान कसा घडला आहे ते पाहू. बाहेरच्या पाळीपासून पडद्यापर्यंत जाणारी कर्णनलिका मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. ती सरळ नसते, थोडी नागमोडी असते. तिचा छेदही वर्तुळाकार नसून लंबगोल असतो. प्रत्येकाची नलिका वेगळी. एवढेच नव्हे, एकाच माणसाचा डावा आणि उजवा कान सारखा असेल असेही नाही. मग सगळ्यांना मधल्या मापाची गोल टोपी कशी बसणार? कारखान्यातून इअरफोन येतो तो बहुधा मधल्या मापाची टोपी घालूनच, आणि ती कायमची आहे असे आपण समजून चालतो.

जाता जाता एक गंमत. एका बाजूने बंद असलेल्या नळीत जो स्वर सर्वांत जोराने घुमतो, त्याची तरंगलांबी नळीच्या चौपट असते. अडीच सेंटिमीटरची चौपट दहा सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर कंपनसंख्या येते ३,४००. म्हणजे आपल्या उघड्या कानात तीन-साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप मोठे होतात. इअरफोन घातला की नळी दोन्ही बाजूंनी बंद होते आणि गणित बदलते. आता तरंगलांबी नळीच्या दुप्पट. टोपी आणि पडदा यांच्यात दोन सेंटिमीटर अंतर असेल, तर घुमणारा स्वर ८,५०० हर्ट्झचा. तेच अंतर दीड सेंटिमीटर केले तर सुमारे ११,३०० चा. गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत असतील, तर इअरफोन बदलण्याआधी तो कानात थोडा अधिक नीट बसवून पाहावा, असे म्हणतात त्यामागे हे गणित आहे. अर्थात दुखेपर्यंत आत रेटू नये, हे सांगायला नकोच.

बसवायची रीत सोपी आहे. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून पलीकडे न्या, पाळी वरच्या कडेला धरून हलकेच वर आणि मागे ओढा. गुरुजी कान पिळतात तसे नव्हे! त्याने नागमोडी नलिका बरीच सरळ होते. मग उजव्या हाताने इअरफोन किंचित फिरवत आत सरकवा आणि पाळी सोडून द्या. कानाची नलिका आपसूक टोपीभोवती बसते. आता डग्गा किंवा ढोलकी असलेले एखादे गाणे अगदी हळू आवाजात लावा. इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला आणि बोट काढल्यावर गेला, तर टोपी लहान आहे, फट राहते आहे. काहीच फरक पडला नाही तर माप बरोबर. टोपी बाहेर ढकलली जात असेल किंवा दहा मिनिटांत कान ठणकू लागत असेल, तर ती मोठी आहे. शेवटची परीक्षा म्हणजे इअरफोन कानात ठेवून थोडे बोला, जांभई द्या, शेंगदाणे चावा. जबडा हलला की नलिकेचा आकार बदलतो. त्यातही आवाज टिकला, तर पास. डाव्या कानात लहान आणि उजव्यात मधली टोपी बसली, तर दोन मापे वापरायला मुळीच लाजू नका.

नीट बसल्यावर एक विचित्र अनुभव येतो आणि पुष्कळ जण त्याला घाबरून इअरफोन पुन्हा सैल करतात. आपलाच आवाज डोक्यात घुमतो, पावले धपधप ऐकू येतात. कानात बोटे घालून ‘ई’ म्हणा, तसेच होईल. हाडांमधून आलेली कंपने एरवी उघड्या कानातून बाहेर जातात. तोंड बंद केले की आत अडकतात. हा बिघाड नव्हे, टोपी घट्ट बसल्याची ती खूण आहे.

सेलूचा परिसर कापसाचा. जिनिंगमध्ये काम करणारी किंवा फटाक्यांना घाबरणारी माणसे कानात कापसाचा बोळा घालतात, हे आपण पाहतो. त्याने फारसे काही साधत नाही. कापसाच्या धाग्यांमधून हवा सहज जाते आणि जिथून हवा जाते तिथून ध्वनीही जातो. त्याउलट कानात दाबून घालायचे फोमचे बूच कानाच्या भिंतीला चिकटून फुगते, म्हणून ते खरोखर आवाज अडवते. इअरफोनच्या टोपीलाही हाच नियम लागू आहे. ती दोन कामे करते: आतला खर्ज आत ठेवते आणि बाहेरचा गोंगाट बाहेर ठेवते. यांपैकी दुसऱ्या कामाचा विचार आपण जवळजवळ करतच नाही, आणि माझ्या मते तेच अधिक मोठे काम आहे.

एक हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये इअरफोन लावून ऐकण्याविषयी एक मानक जाहीर केले. त्यानुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबेलने ४० तास, आणि लहान मुलांसारख्या नाजूक कानांसाठी ७५ डेसिबेलने ४० तास, ही मर्यादा धरली आहे. आवाज ३ डेसिबेलने वाढला की ध्वनीची शक्ती दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला फक्त ५ तास.

आता सेलूहून रोज रेल्वेने परभणीला शिकवणीला जाणारी एक विद्यार्थिनी घ्या. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास धरू. आठवड्याचे सहा दिवस. खिडक्या उघड्या असलेल्या डब्यातला गोंगाट समजा ७४ डेसिबेल आहे. इअरफोन सैल असेल, तर तो सारा कानात शिरतो. गाणे किंवा ध्वनिमुद्रित धडा स्पष्ट ऐकायला ती तो गोंगाटापेक्षा दहा डेसिबेल वर ठेवते. झाले ८४. तिच्या वाट्याला आठवड्याचे पाच तास. रोजचा दीड तास, म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार मिळून साडेचार तास संपले. गुरुवारी सकाळी मानवत रोड मागे पडल्यावर, परभणी येण्याआधीच, तिचा आठवड्याचा वाटा संपतो. पुढचा प्रत्येक मिनिट उधारीचा.

त्याच मुलीने पुडीतली योग्य टोपी घातली आणि गोंगाट समजा १५ डेसिबेलने कमी झाला. उरला ५९. त्यावर दहा म्हणजे ६९. हे ७५ पेक्षा सहाने कमी, म्हणून वेळ दोनदा दुप्पट करायचा: १६० तास. आठवड्यात तास असतात १६८! टोपीच्या त्या एका जोडीने पाच तासांचे एकशे साठ केले. हा हिशेब ढोबळ आहे. चाकांची घरघर टोपीतून जास्त शिरते आणि शिट्टी कमी, प्रत्येकाचा कान वेगळा, हे सारे खरे. पण त्याची दिशा बदलत नाही. गोंगाट रद्द करणारे जे महाग इअरफोन निघाले आहेत, ते ही घरघर कमी करतात हे खरे. मात्र तेही टोपी सैल असली तर आपले काम धड करू शकत नाहीत.

मापाचा हा आग्रह काही नवा नाही. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी यंत्र बसवणाऱ्या तज्ज्ञांनी तो फार पूर्वीपासून धरला आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली, वाचा आणि श्रवण यांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. ती अली यावर जंग यांच्या नावाने ओळखली जाते. हे जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते, आणि त्याआधी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू. परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता, त्या काळातले. कानामागे अडकवायचे श्रवणयंत्र मुलाला देताना तज्ज्ञ आधी कानात स्पंजचा लहानसा अडसर ठेवतात, मग मऊ लगदा भरतात. काही मिनिटांत तो घट्ट होतो आणि कानाचा हुबेहूब ठसा बाहेर येतो. त्यावरून त्या कानापुरता साचा बनवतात. साचा सैल असला तर यंत्राचा आवाज बाहेर निसटून पुन्हा यंत्राच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. मूल वाढले की कान वाढतो, म्हणून साचा पुन्हा नवा करावा लागतो. कमी ऐकू येणाऱ्या कानासाठी एवढी काळजी, आणि धडधाकट कानासाठी पुडी कचऱ्यात!

घट्ट बसणाऱ्या संगीताच्या इअरफोनचा जन्मही याच क्षेत्रातला. अमेरिकेत मीड किलियन यांनी १९८३ मध्ये एटिमोटिक रिसर्च ही संस्था काढली, ती आधी श्रवणतपासणीसाठी कानात बसणारे इअरफोन बनवी. तिने १९९१ मध्ये त्याच विद्येवर संगीतासाठी इअरफोन काढला. त्याआधी ट्रान्झिस्टरबरोबर मिळणारा एका कानाचा इअरफोन असे. तो नुसता कानात टांगला जाई. परभणी आकाशवाणीवरच्या बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम ऐकायला तो पुरे, कारण माणसाचे बोलणे समजायला खर्जाची फारशी गरज नसते. आजोबांना विचारा, त्यांना तो आठवत असेल.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, ‘हे सगळे कशाला? इअरफोनवर बंदीच घाला.’ मला हे पटत नाही. शिकवण्या, भाषेचे पाठ, पाढे, संगीत हे सारे आज मुले इअरफोनवरच ऐकतात. आणि एका खोलीत चौघे अभ्यास करणाऱ्या घरात तोच सभ्यपणा आहे. बंदी घातलेली वस्तू चोरून वापरली जाते, आणि चोरून वापरताना कोणी माप पाहत नाही. पण एका ठिकाणी मात्र मी त्यांच्याच बाजूचा आहे. जो इअरफोन डब्यातला गोंगाट अडवतो तोच गाडीची शिट्टी आणि मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्नही अडवतो. म्हणून बसलेले असाल तेव्हाच इअरफोन. उभे राहिलात, सायकलवर बसलात, फलाटावर उतरलात की दोन्ही कान उघडे. यात एका कानाचीही सवलत नको. एकाच कानात घातला की दुसऱ्या कानातला गोंगाट झाकायला माणूस आवाज वाढवतो, आणि लक्ष तर गाण्यातच असते.

दुकानदारांविषयीही थोडे बोलले पाहिजे. दोन इअरफोन शेजारी ठेवून ऐकवले, तर जो किंचित मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. हा कानाचा भ्रम आहे. तुलना करायची तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. आणि दाखवायचा नमुना दहा जणांच्या कानांतून फिरलेला असेल, तर तो कानात घालूच नका. आपली स्वतःची टोपी बरोबर न्या. मित्राचा इअरफोन मागू नये, आपला देऊ नये. पावसाळ्यात ओलसर कानात बुरशी सहज धरते, आणि टोपी तिला एका कानातून दुसऱ्या कानात नेते. कान वाहत असेल किंवा दुखत असेल, तर इअरफोन बंद आणि डॉक्टर. तेल मुळीच नको.

एका बाजूचा आवाज मंद झाला की ‘गेला’ म्हणून फेकण्याआधी जाळी पाहा. बहुतेक वेळा तिथे मळ बसलेला असतो. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटका. टोप्या काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच चढवा. कानातला मळ काढायला काडी, पिन, किल्ली घालू नका. कान स्वतःचा मळ स्वतःच बाहेर सरकवतो; काडीने तो उलटा आत ढकलला जातो.

आता तुमच्यासाठी एक काम. वर्गातल्या ज्यांच्याकडे टोप्यांची पुडी शिल्लक आहे, त्यांनी प्रत्येकाने आपापल्या टोप्यांवर ढोलकीची परीक्षा करावी, आणि डाव्या-उजव्या कानाला कोणते माप बसले ते वहीत लिहावे. किती जणांना दोन कानांना दोन मापे लागली, आणि किती जणांना कारखान्यातून आलेली मधली टोपीच बरोबर बसली, हे दोन आकडे आणि परीक्षा करणाऱ्यांची एकूण संख्या पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे पाठवा. मुलांची नावे नकोत. इयत्ता आणि गाव तेवढे पुरे.